जावयाच्या हॉटेलात, बिल भरून

पनवेलला लोक उतरतात ते पुढे कुठेतरी जायला. कुणी अलिबागला, कुणी गोव्याला. आम्ही दोघं मात्र पनवेललाच गेलो आणि तिथे चांगले पाच दिवस राहिलो. परत आल्यापासून बार्शीत जो तो विचारतोय, "मग काय, मासे हाणले असतील!" कोकणाच्या तोंडाशी जाऊन आलेल्या माणसाला दुसरं विचारणार तरी काय? खरं उत्तर द्यायला मला लाज वाटते. आम्ही पनीर खाल्लं. एकदा नाही, तीनदा.

आता हे असं का झालं ते सांगते.

सोमवार, नेऱ्याचा रस्ता

आमची एकुलती एक मुलगी अश्विनी. न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका ऑफिसात नोकरी करत होती, तिथेच ट्रकच्या कामाने येणाऱ्या जयेशशी तिचं जमलं. पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. लग्नाला चार वर्षं झाली. मूलबाळ नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायचं कारण आमचे हे. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, ही रीत आता कोण पाळतं? आमचे हे पाळतात. विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून जन्म काढला, आयुष्यभर खांबावर चढले, पण वडिलांनी घालून दिलेल्या रीतीवरून खाली उतरायला तयार नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या आक्कांना, लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. वडील, म्हणजे दादा, दर वर्षी लेकीला भेटायला जायचे आणि घरून बांधून नेलेली भाकरी तिच्या दारातल्या लिंबाखाली बसून खायचे. दहाव्या वर्षी आक्कांना मुलगा झाला. वडील त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले. म्हणजे लेकीच्या हातचा घास त्यांच्या पोटात कधी गेलाच नाही. आमचे हे ही गोष्ट छाती फुगवून सांगतात. आणि मी? बावीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, गावाला तोंडावर उत्तरं दिली, पण या बाबतीत मी मुकाट त्यांच्या मागे. पहिली तीन वर्षं आम्ही डबा घेऊन जात होतो आणि त्याच दिवशी परतत होतो.

दसऱ्याला जयेशने हॉटेल काढलं. फार्महाऊसवाल्यांना थोडी जमीन विकली होती, ते पैसे घातले. अश्विनी नोकरी सोडून गल्ल्यावर बसायला लागली. तिचा फोन आला, "बाबा, हॉटेलात तर जेवाल ना? ते घर नाही, धंदा आहे. मी बिल फाडीन." यांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "बिल पूर्ण घेणार असाल, सूट देणार नसाल, तर येतो."

हॉटेलचं नाव 'सप्ततारांगण'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसंच ते. बाहेर कारंजं होतं, त्यात पाणी नव्हतं. आत लाल मखमली खुर्च्या, काचेचं टेबल, आणि लग्नाच्या अल्बमसारखं जाडजूड अठरा पानी मेनूकार्ड. पंजाबी, चायनीज, मुघलाई, सगळं होतं. आम्ही सोडून एक कुटुंब होतं, तेही पत्ता विचारायला आलेलं.

"बाबा, पनीर तुफानी घ्या. आपली स्पेशालिटी," जयेश म्हणाला. मोठा गोड मुलगा आहे. बोलताना हात जोडल्यासारखा उभा राहतो.

तुफानी आलं. तेलाचा तवंग, खाली लाल रस्सा, त्यात पनीरचे चार रबरी तुकडे. गोड होतं, तिखट होतं आणि काहीच नव्हतं. रोटी हातात घेतल्याबरोबर मी ओळखलं: निम्मा मैदा, आणि पीठ महिन्याचं शिळं. पिठाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. किंमत तीनशे ऐंशी रुपये. आमच्या बार्शीत तेवढ्यात दोघांचा आठवड्याचा भाजीपाला येतो, वर कोथिंबीर फुकट.

"कसं होतं?" जयेशने विचारलं. डोळ्यांत प्राण आणून म्हणतात तसं.

"उत्तम!" आमचे हे म्हणाले.

मीही मान हलवली. जावयाला काय सांगणार? अश्विनीने खाली मान घालून पूर्ण बिल घेतलं.

मंगळवार, विहीणबाईंचं अंगण

हॉटेलच्या मागून शेतातून पाच मिनिटं चाललं की त्यांचं घर. राहायला आम्ही तिथेच होतो, फक्त जेवायला हॉटेलात. कोबा घातलेलं अंगण, कडेला शेवगा, आणि समोर डोंगर इतका जवळ की हात लांबवला तर लागेल. आमच्याकडे नजर टाकावी तिकडे सपाट, त्यामुळे पहिला अर्धा दिवस मी नुसती त्या डोंगराकडे बघत बसले.

विहीणबाईंचं नाव बेबीबाई. माझ्याच वयाच्या, नऊवारी कासोटा, आवाज खणखणीत. अंगणात सूप घेऊन वाल सोलत बसल्या होत्या. रात्रभर भिजवून मोड आणलेले वाल, बोटाने दाबलं की साल सुटते आणि आतला दाणा टुणकन बाहेर. मी शेजारी बसले आणि सोलू लागले. चहा झाला होता. चहा आमच्या यांच्या कायद्यात अन्नात मोडत नाही, हे आमचं नशीब.

पिठावरून आमची गट्टी जमली. त्या तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, चार दिवसांपुरताच दळून आणतात. मला डबा उघडून दाखवला. मी चिमूट घेऊन बोटांत फिरवली. काय पीठ होतं! माझ्या गिरणीतून असं पीठ निघालं असतं तर मी पाटीवर नाव लिहिलं असतं.

दुपारी त्या वालांचं बिरडं रटरटू लागलं. खोबरं, लसूण, कोकम. एकीकडे तांदळाच्या भाकऱ्या पाण्याच्या हाताने थापल्या जात होत्या आणि तव्यावर चंद्रासारख्या पांढऱ्या फुगत होत्या. आमचे हे ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. अर्धा तास एकच पान.

"चला, पानं घेतलीत," बेबीबाई म्हणाल्या.

आमचे हे उठले, चप्पल घातली. "आम्ही हॉटेलात जाऊन येतो, विहीणबाई. तुम्ही राग मानू नका."

त्या मला आत घेऊन गेल्या. "अश्विनी सांगते, रीत हाय तुमची. मना खरं सांगा. आमी आगरी मानसं, आमच्या हातचं तुमाला चालत नाय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रीत पुन्हा समजावून सांगितली. त्या ऐकत होत्या. मग त्यांची नजर बाहेर, दोरीवर कपडे टाकणाऱ्या अश्विनीकडे गेली, आणि बोलल्या ते वेगळंच.

"मंग ते बिल घेऊन या इकडं. मी देते जेवान, तुमी द्या पैसं. नाय नाय, मीच नाय घेनार. आमच्या सासऱ्यानं भात इकला, मीठ इकलं. शिजवल्यालं अन्न कदी इकलं नाय. दारात आलेल्याला कोन तू इचारला नाय, पानात वाढलं. जयेशला मी सांगितलं, तुजं हॉटेल तू चालव, मी पायरी चढनार नाय."

आणि खरंच, हॉटेल उघडल्यापासून त्या एकदाही तिथे गेल्या नव्हत्या. म्हणजे पाहा, एका घरात दोन हट्टी माणसं. एकाला पैसे दिल्याशिवाय जेवता येत नव्हतं, दुसरीला पैसे घेऊन वाढता येत नव्हतं. मधे आम्ही बसलो होतो पनीर खात.

त्या दुपारी जयेशने आग्रहाने व्हेज कोल्हापुरी दिली. मी हात धुवायला मागे गेले तेव्हा स्वयंपाकघरात डोकावले. तीन मोठी पातेली होती. एकात लाल रस्सा, एकात पिवळा, एकात पांढरा. ठेकेदाराने पाठवलेला आचारी त्या तिन्हींतून अठरा पानं काढत होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रात्री पुन्हा तुफानी आलं, कारण "बाबांना ते आवडलं होतं ना." खोटं बोलण्याची शिक्षा इतक्या लवकर मिळते हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, उरण

जयेशची गाडी घेऊन अश्विनी आम्हाला उरणला घेऊन गेली. रस्त्याला कंटेनरच्या ट्रकांची रांग, एकेक डबा आमच्या गिरणीपेक्षा मोठा. "इथं मी बसायचे," अश्विनीने एका इमारतीकडे बोट केलं. "आणि तिथं जयेश चहा प्यायचा. दिवसातून सात वेळा." आमचे हे हसले. जावयावर त्यांचा जीव आहे, म्हणून तर खोटं बोलतात.

बाजारात एका कोळणीने मला विचारलं, "कंचं गाव तुमचं?" बार्शी म्हटल्यावर म्हणाली, "थितं पानी तरी हाय का? मावरं कुटलं असनार!" मावरं म्हणजे मासळी. कीव येऊन तिने चार बोंबील जास्त टाकले. ते मी विहीणबाईंसाठी घेतले. निदान त्यांनी तरी खावेत.

दुपारी एका छोट्या खाणावळीत जेवलो. चार बाकं, भिंतीवर कॅलेंडर, मेनू नाहीच. जे आहे ते ताटात. भात, आमटी, तळलेला मासा. तिघांचे मिळून अडीचशे रुपये, आणि आमच्या यांनी तीन वेळा भात घेतला. घाईत काटा अडकला घशात. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. खाणावळवाल्या बाईंनी न घाबरता कोरड्या भाताचा गोळा हातावर ठेवला, "गिला, चावू नका." गिळला, काटा गेला. आम्हाला मासा खाता येत नाही हे सगळ्या खाणावळीला कळलं, पण तीन दिवसांत पहिल्यांदा आमचे हे ढेकर देऊन उठले.

किनाऱ्यावर ते पाण्यात पाय बुडवून उभे होते. मी आणि अश्विनी वाळूवर बसलो. ती मला म्हणाली, "आई, बाबांना सांग ना, एकदा घरी जेवायला."

"अगं, तुला माहितीये ते…"

"मला माहितीये. तुला माहिती नाही." ती वाळूत बोटाने रेघा ओढत होती. "दोनदा राहिलं आणि गेलं, हे सगळ्या घराला माहितीये. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत कधी. जयेश नाही बोलला. शेजारीपाजारी पण आता थांबलेत. पण तुम्ही येता, पानं मांडतात, आणि बाबा चप्पल घालून निघतात. तेव्हा सगळं घर माझ्या पोटाकडे बघतं."

बाहेरच्या कुणाला मी तिला हे ऐकवू दिलं नसतं. आणि हे करत होतो आम्ही, तिचे आईबाप, पैसे मोजून, मान ठेवतोय असं समजून. मी तिचा हात धरला.

गुरुवार, शेताचा बांध आणि पुन्हा हॉटेल

सकाळी मी यांना फिरायला म्हणून बाहेर काढलं. वालाच्या शेतातून बांधावरून चालत होतो. मी अश्विनीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. एकही वाढवला नाही, एकही गाळला नाही.

ते थांबले. "ओझं नको म्हणून करत होतो मी," एवढंच म्हणाले. "लेक दिली, तिच्या घरात आपलं ताट कशाला, म्हणून."

"मला माहितीये," मी म्हणाले. "तिलाही माहितीये."

ते आले तसेच मागे वळले. दुपारी नेहमीसारखी चप्पल घातली आणि हॉटेलकडे निघाले. मला त्यांचा इतका राग आला की वाटेत मी दहा पावलं मागे चालत होते.

हॉटेल रिकामं होतं. आमचं टेबल मांडलेलं होतं, आणि जयेश हसत तुफानी घेऊन आला. यांनी दोन घास खाल्ले. जयेशने विचारलं, "कसंय बाबा आज?"

"वाईट आहे," आमचे हे म्हणाले.

गल्ल्यावर अश्विनीचा हात थांबला.

"वाईट आहे, जावईबापू. परवाही वाईट होतं, सोमवारीही होतं. तीन दिवस मी खोटं बोललो. नाव निराळं, भाजी एकच, आणि दर असा की पुन्हा कोणी यायचं नाही."

जयेशचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं आता हा रागावतो. तो खुर्ची ओढून समोर बसला. "मग पहिल्या दिवशी का नाही बोललात?"

"सासरा पडलो ना. गिऱ्हाईक असतो तर बोललो असतो. बिल तेवढं गिऱ्हाईकाचं भरत होतो."

"गिऱ्हाईक पण नाय बोलत, बाबा," जयेश हळू म्हणाला. "फार्महाऊसवाले येतात, नाइस बोलतात, सेल्फी काढतात. परत येत नाय. मी आपला कारंजं दुरुस्त करायच्या मागे." मग म्हणाला, "बरं झालं तुम्ही बोललात. घरातलं असं कोणीच बोलत नव्हतं."

आमच्या यांनी खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले, ताट पुढे सारलं आणि उठले. "हे इथलं झालं. आता मी घरी चाललोय जेवायला. मला भूक लागलीय."

ते मागच्या दाराने शेतात उतरले. मी पळत पळत त्यांच्या मागे. बेबीबाई नुकत्याच एकट्या जेवायला बसल्या होत्या. पुढ्यात भाकरी, बिरडं, आणि उरणचे बोंबील तळलेले. आमचे हे पाय धुऊन आत आले आणि सरळ त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"विहीणबाई, वाढा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या स्वतःची भाकरी अर्धवट टाकून उठल्या, ताट आणलं, त्यात दोन भाकऱ्या ठेवल्या, वाटी भरून बिरडं. "बोंबलाचा काटा मऊ असतोय," त्या म्हणाल्या. "घाबरू नका." उरणची गोष्ट त्यांना कळलेली होती तर!

आमच्या यांनी पहिला घास घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिले. मीही बसले. मला माहीत नाही ते बिरडं खरंच तितकं चांगलं होतं की आम्ही चार वर्षांचे उपाशी होतो. कोकमाचा आंबटपणा जिभेवर राहिला आहे अजून.

अश्विनी दारात येऊन उभी राहिली होती. गल्ला तसाच टाकून आली असावी. तिने वडिलांना पाहिलं, पदर नाही म्हणून ओढणीच तोंडाला लावली, आणि आत जाऊन चुलीसमोर बसली. स्वतः एक भाकरी थापली. बेताचीच झाली, एका कडेला जाड, कारण माझी लेक पिठात वाढली तरी ज्वारीच्या. ती गरम भाकरी तिने वडिलांच्या ताटात टाकली.

"अर्धी कर," मी म्हणाले, "तिसरी आहे त्यांची."

"अर्धी नको," आमचे हे म्हणाले, "पूर्ण दे."

शुक्रवार, परत

निघताना जयेश मेनूकार्डाची पानं फाडत बसला होता. अठराची दोन करायची म्हणाला. आचाऱ्याला त्याने घरी आईकडे आणलं होतं, वाल सोलायला. मला वाटलं बेबीबाईंचा हट्ट गेला. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "शिकवीन. इकनार नाय. ती पायरी मी चढनार नाय ती नायच." हॉटेलचं काय होईल ते मला सांगता येत नाही. चालेल, किंवा नाही चालणार. मला चार किलो तांदळाचं पीठ बांधून मिळालं, आणि यांना एक आख्खी पिशवी सुके बोंबील, ज्यांच्या वासामुळे गाडीत आमच्या आजूबाजूच्या सीट रिकाम्या राहिल्या.

बार्शीत दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. आता थकल्यात, काठी लागते. खुशाली विचारता विचारता मी बोलून गेले, "भाऊ तुमचे लेकीकडे तीन भाकऱ्या जेवले."

आक्कांचा चेहरा उजळला. "म्हणजे गोड बातमी? कितवा महिना?"

आमचे हे अंगणात खुर्चीवर बसले होते. "नाही आक्का," ते म्हणाले. "मला भूक लागली होती."

आक्कांनी दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले. मला वाटलं आता वडिलांचं नाव घेऊन यांना दोन शब्द सुनावणार. त्या दाराबाहेर बघत होत्या.

"दादांनाही लागत असेल रे," त्या म्हणाल्या. "मी आतून बघायची. त्यांची भाकरी नेहमी वाळलेली असायची."